कॉपीमुक्त केंद्रे झाली, कॉपीमुक्त शाळांचे काय?

प्रतिनिधी, उल्हासनगर

फेब्रुवारी महिना उजाडला की उल्हासनगर कॅम्प ५ मधील शाळांच्या फाटकांसमोरचे दृश्य ठरलेले असते. परीक्षा केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकाने पेपरच्या वेळेत बंद ठेवण्याचे आदेश निघतात. फाटकाशी एक-दोन पोलीस उभे राहतात. कैलास कॉलनी, गायकवाड पाडा, नेताजी चौक या भागांतून रिक्षा भरभरून मुले येतात. साडेदहाला फाटक बंद झाले की बाहेर उरतात त्या आया, समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर पेपर सुटेपर्यंत बसून राहणाऱ्या. दहावीची परीक्षा हा या वस्तीत अजूनही एका मुलाचा नव्हे, तर संपूर्ण घराचा प्रसंग असतो.

याच शहराच्या कपाळी गेली अनेक दशके एक विनोद चिकटलेला आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी कल्याणच्या लष्करी छावणीतील बॅरॅकमध्ये संसार मांडले, हाताला मिळेल तो उद्योग केला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या कष्टांची आठवण फारशी कोणी काढत नाही. नकली मालाचा विनोद मात्र सर्वांना पाठ आहे. त्यामुळे परीक्षेतील नकलेविषयी बोलताना या शहराकडे बोट दाखवणे सोपे आहे. परंतु गेल्या दीड दशकातील राज्यभरातील घटना पाहिल्या, तर नक्कल ही कोणा एका शहराची किंवा समाजाची खोड नसून आपल्या शालेय व्यवस्थेने स्वतःच पोसलेली सवय आहे, असे दिसून येते. ही सवय मार्च महिन्यात पोलीस बंदोबस्त लावून मोडेल का, हा खरा प्रश्न आहे.

नांदेडपासून मंत्रालयापर्यंत

कॉपी हा गुन्हा आहे, हे सांगणारा कायदा महाराष्ट्रात नवा नाही. विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांमधील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम राज्याने १९८२ सालीच केला. त्याखेरीज माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची स्वतःची 'शिक्षा सूची' आहे. त्या विषयाची संपादणूक रद्द करण्यापासून पुढील काही परीक्षांना बसण्यास मनाई करण्यापर्यंतच्या शिक्षा तीत नमूद असतात. भरारी पथके तर कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहेत. तरीही २००० च्या दशकात राज्याच्या अनेक भागांत भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारे 'मदतनीस' आणि ध्वनिवर्धकावरून सांगितली जाणारी उत्तरे यांच्या बातम्या दरवर्षी येतच होत्या.

यात पहिला ठळक बदल झाला तो २०१० साली, नांदेडमध्ये. तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी संपूर्ण जिल्हा प्रशासन परीक्षा केंद्रांवर उतरवले. महसूल, जिल्हा परिषद, पोलीस अशा सर्व खात्यांचे कर्मचारी केंद्रांवर बसवण्यात आले. त्या वर्षी जिल्ह्याचा निकाल घसरला आणि त्यावरून वादही झाला. मात्र आधीच्या निकालांतील सूज किती होती, हेही त्यामुळेच उघड झाले. पुढे हाच 'नांदेड पॅटर्न' कॉपीमुक्त अभियान या नावाने राज्यभर पोहोचला आणि 'गैरमार्गाशी लढा' हे शब्द मंडळाच्या परिपत्रकांत रूढ झाले.

करोनाच्या काळात ही घडी विस्कटली. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही. शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. २०२२ मध्ये मुलांना आपापल्या शाळेतच परीक्षा देण्याची सवलत मिळाली व निकाल ९६.९४ टक्के लागला. २०२३ मध्ये केंद्रांची जुनी पद्धत परतली, बैठी पथके आली, केंद्राच्या परिसरात जमावबंदी लागू झाली, आणि निकाल ९३.८३ टक्क्यांवर आला. २०२५ च्या परीक्षेपूर्वी तर राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीतच या विषयाची चर्चा झाली. सामूहिक कॉपी आढळेल त्या केंद्राची मान्यता कायमची रद्द करण्याचे आणि कॉपीला साथ देणाऱ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्याचे आदेश मुख्यमंत्र्यांनी दिले. संवेदनशील केंद्रांवर ड्रोनची नजर ठेवण्याचेही ठरले. त्या वर्षी दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला.

म्हणजे पंधरा वर्षांत बंदोबस्त तलाठ्यापासून ड्रोनपर्यंत पोहोचला. त्याचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खिडकीतून चिठ्ठ्या फेकण्याचे प्रकार निदान शहरी केंद्रांवर पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. परंतु याच काळात नकलेनेही आपले रूप बदलले आणि ती विद्यार्थ्याच्या खिशातून मोठ्यांच्या मोबाईलमध्ये गेली.

आपल्याच परिसरातील धागा

मार्च २०१८ मध्ये अंधेरीतील एका परीक्षा केंद्रावर काही विद्यार्थ्यांच्या मोबाईलमध्ये दहावीची प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वीच आढळली. आंबोली पोलिसांनी तपास सुरू केला, तेव्हा धागा मुंब्र्यातील एका शाळेपर्यंत आणि पुढे अंबरनाथपर्यंत आला. अंबरनाथमध्ये खासगी शिकवणीवर्ग चालवणाऱ्या एका शिक्षकाला या प्रकरणी अटक करण्यात आली. कॅम्प ५ हून अंबरनाथ रिक्षाच्या अंतरावर आहे. आपल्या मुलांना ज्या क्लासच्या भरवशावर आपण सोडतो, त्याच क्षेत्रातील व्यक्तीवर असा आरोप यावा, याचा धक्का या पट्ट्यातील पालकांना तेव्हा बसला होता.

पुढच्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, भिवंडी परिसरात विज्ञानाची प्रश्नपत्रिका परीक्षेआधी मोबाईलवर फिरल्याचे उघड झाले. मार्च २०२२ मध्ये बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील भाग पेपर सुरू होण्यापूर्वी विद्यार्थिनीच्या मोबाईलमध्ये सापडला आणि मालाडमधील एका खासगी क्लासच्या शिक्षकाला अटक झाली. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा परिसरातून समाजमाध्यमांवर पसरली. त्या प्रकरणातही शिक्षकी पेशातील व्यक्तींवर गुन्हे दाखल झाले.

या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली गोष्ट म्हणजे फुटण्याची वेळ. महिनाभर आधी छापखान्यातून पेपर फुटावा, असा हा प्रकार नव्हता. परीक्षेच्या दिवशी, प्रश्नपत्रिका परीरक्षक कार्यालयातून केंद्रात आणि केंद्रातून वर्गात जाण्याच्या तासाभराच्या अवधीत बहुतेकदा ती बाहेर पडत होती. पूर्वी मुलांना वाचनासाठी दहा मिनिटे आधी, म्हणजे दहा पन्नासला प्रश्नपत्रिका मिळत असे. ती सवलत पेपरफुटीच्या आड येणारी फट ठरते, म्हणून मंडळाने २०२३ मध्ये ती बंद केली आणि दहा मिनिटे पेपरच्या शेवटी वाढवून दिली. आता पंचवीस प्रश्नपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट थेट वर्गात, विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन उघडले जाते. प्रश्नपत्रिका नेणाऱ्या 'रनर'च्या प्रवासावरही लक्ष ठेवले जाते. हे उपाय योग्यच आहेत.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. या प्रत्येक प्रकरणात विद्यार्थी हा शेवटचा दुवा होता. पहिला दुवा कोणीतरी मोठा, जाणता, बहुधा शिकवणारा माणूस होता. सोळा वर्षांच्या मुलाने पायमोज्यात लपवलेली मायक्रो झेरॉक्स आणि प्रौढ माणसाने पाकीट उघडून घेतलेले छायाचित्र, या दोहोंना आपण 'कॉपी' हा एकच शब्द वापरतो. प्रत्यक्षात पहिल्यात भीती असते, तर दुसऱ्यात धंदा असतो. आपली बहुतेक यंत्रणा मात्र आजही पायमोजे तपासण्यासाठी उभी आहे.

वीस गुणांची शांत नक्कल

परीक्षा केंद्रावर पोलीस येण्याच्या कितीतरी आधी, कोणत्याही भरारी पथकाच्या नजरेला न पडता, आणखी एक व्यवहार उरकलेला असतो. तो म्हणजे तोंडी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण.

दहावीला भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे वीस गुण शाळेच्या हाती असतात. हेतू चांगला आहे. ज्याला लिहिणे जमत नाही त्याला बोलता यावे, ज्याला पाठांतर जमत नाही त्याने प्रकल्प करावा, वर्षभराच्या कामाला मोल मिळावे. व्यवहारात मात्र अनेक शाळांत हे वीस गुण म्हणजे निकालाची शिदोरी झाली आहे. तोंडी परीक्षा झाली की नाही याची खातरजमा न होता सतरा-अठरा गुण भरले जातात. एखाद्या विषयात अठरा गुण असे हाती आले, तर पस्तिसापर्यंत पोहोचण्यासाठी लेखी परीक्षेत ८० पैकी १७ गुण पुरतात.

या गुणांचे वजन किती आहे, याचा एक अनपेक्षित प्रयोग राज्यात होऊन गेला आहे. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेसाठी हे अंतर्गत गुण बंद करण्यात आले. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, ८९.४१ टक्के असलेला निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. गदारोळ झाला. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण मिळतात आणि अकरावीच्या प्रवेशात आपली मुले मागे पडतात, ही पालकांची तक्रार रास्तही होती. गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. २०१९ मध्ये अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही नवे होते. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण द्यावे लागले. त्यामुळे अठरा टक्क्यांची संपूर्ण तफावत केवळ फुगवलेल्या गुणांची आहे, असे म्हणता येणार नाही. तरीही त्या दोन वर्षांत राज्यातील मुले इतकी बदलली, असे कोणीच म्हणणार नाही. बदलली ती मोजपट्टी, आणि तिचे एक टोक शाळेच्याच हाती होते.

हा व्यवहार कोणालाच गैर वाटत नाही, हे त्याचे खरे वैशिष्ट्य आहे. मुलाला गुण मिळतात, पालक समाधानी असतात, शिक्षकाला आपण मुलाचे भले केल्याचे वाटते आणि शाळेच्या फाटकावर 'शंभर टक्के निकाल' असा फलक लागतो. फक्त मुलाच्या मनावर एक धडा कोरला जातो. न बोललेल्या तोंडी परीक्षेचे आणि बाजारातून विकत आणलेल्या प्रकल्पाचेही गुण मिळतात, हा तो धडा. पुढे मार्चमध्ये त्याच मुलाला आपण कॉपीमुक्तीची शपथ देतो.

शंभर टक्के निकालाचे मोल

शाळा असे का करतात, याचे उत्तर शिक्षकांच्या नीतिमत्तेत शोधण्यापेक्षा शाळांच्या हिशेबात शोधणे अधिक उपयोगी ठरते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शाळांची संख्या आणि स्पर्धा दोन्ही वाढल्या. इंग्रजी माध्यमाकडे ओढा वाढला, मराठी, हिंदी व सिंधी माध्यमाच्या वर्गांतील पट घटत गेला. पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. अशा वेळी दहावीचा निकाल हीच शाळेची जाहिरात आणि शिक्षकाच्या नोकरीची हमी ठरते.

या हिशेबाची झळ सर्वाधिक बसते ती कच्च्या मुलांना. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यापासून आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही, असा नियम होता. पाचवी आणि आठवीसाठी राज्याने तो अलीकडे, २०२३ मध्ये बदलला. परिणामी अनेक मुलांची पहिली खरी परीक्षा नववीत होई. तेथे जो अडखळला त्याला 'दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दे' असे सुचवण्याची पद्धत शहरांत सर्वांना ठाऊक आहे. शाळेचा निकाल शंभर टक्के राहतो आणि मूल शाळेच्या आकडेवारीतून नाहीसे होते. एकही चिठ्ठी न वापरता केलेली ही निकालाची नक्कलच आहे. असे मूल पुढे एखाद्या 'पासची हमी' देणाऱ्या माणसाच्या हाती लागले, तर नवल नाही.

कॅम्प ५ सारख्या वस्तीत हा धोका अधिक आहे. येथे बॅरॅकच्या शेजारी चाळी आहेत, चाळींच्या पलीकडे पाडे आहेत, आणि त्यांत सिंधी, मराठी, हिंदी बोलणारी कुटुंबे एकाच गल्लीत राहतात. जीन्स शिवण्याच्या उद्योगाने येथील हजारो हातांना काम दिले, परंतु जीन्स धुलाईचे कारखाने वालधुनी नदीच्या प्रदूषणाच्या प्रश्नावरून बंद झाले आणि अनेक घरांची मिळकत डळमळली. वडील पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणार, आई शिलाईकाम करणार, आणि घरात दहावीच्या गणिताला हात लावू शकणारे कोणी नाही, अशी स्थिती येथे अपवादाची नाही. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि पुस्तकात तिसरी, अशी कसरत करणाऱ्या मुलाला उत्तर समजून लिहिण्यापेक्षा ते जसेच्या तसे पाठ करणे किंवा उतरवणे सोपे वाटते. त्याला आपण अप्रामाणिक म्हणण्यापूर्वी, त्याला समजून लिहिण्याची संधी कधी दिली होती का, हेही विचारले पाहिजे.

'असर' या सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील मुलांची पाहणी केली. सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत अस्खलित वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. ही पाहणी ग्रामीण भागाची असली, तरी नव्वदीपार निकाल आणि प्रत्यक्ष येणे यांच्यातील दरी शहरी वस्त्यांतील शिक्षकांनाही अपरिचित नाही. कॉपी ही दरी झाकते. म्हणूनच ती हवी असणारे केवळ विद्यार्थी नसतात.

अटलांटाचा धडा

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. मार्च २०१५ मध्ये बिहारमधील वैशाली जिल्ह्यात चार मजली इमारतीच्या खिडक्यांना लटकून चिठ्ठ्या देणाऱ्या नातेवाइकांचे छायाचित्र जगभर गाजले आणि आपण सर्वजण त्यावर हसलो. परंतु त्याच वर्षी अमेरिकेतील अटलांटा शहरात अकरा शिक्षक-अधिकारी न्यायालयात दोषी ठरले. तेथील सरकारी चौकशीत २०११ मध्ये ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे पुढे आली होती. मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरण्याचे काम शिक्षकांनीच केले होते. कारण उघड होते. गुण वाढले तर बक्षीस, घटले तर नोकरीवर गदा, अशी रचना तेथील शिक्षण खात्याने उभी केली होती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच असा इशारा दिला होता की, एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवावेत, तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे तेही बिघडवतो. अटलांटात तो आकडा चाचणीच्या गुणांचा होता. आपल्याकडे तो शाळेच्या निकालाच्या टक्केवारीचा आहे. सामूहिक कॉपी आढळल्यास केंद्राची मान्यता रद्द करण्याचा निर्णय कठोर व आवश्यक असला, तरी निकाल कमी लागल्यास शाळेला जाब विचारण्याची पद्धत जोवर कायम आहे, तोवर मुख्याध्यापक दोन भीतींच्या मध्ये सापडलेला राहील. एक भीती पकडले जाण्याची, दुसरी निकाल घसरण्याची. यांपैकी दुसरी दरवर्षी नक्की येणारी असते.

बंदोबस्तापलीकडे

मग करायचे काय? काही गोष्टी लगेच होण्याजोग्या आहेत.

पहिली, पर्यवेक्षकांची सरमिसळ. २०२५ च्या परीक्षेसाठी मंडळाने सर्वच केंद्रांवर बाहेरच्या शाळांतील केंद्रसंचालक व पर्यवेक्षक नेमण्याचे ठरवले होते. शिक्षक व मुख्याध्यापकांच्या संघटनांच्या विरोधानंतर ही अट पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांपुरती मर्यादित झाली. दुर्गम तालुक्यांत प्रवासाची अडचण खरी आहे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरसारख्या दाट पट्ट्यात मात्र दोन शाळांमधील अंतर अनेकदा पायी चालण्याचे असते. येथे तरी सरमिसळ हा अपवाद न राहता नियम व्हावा. आपल्याच शाळेच्या मुलांवर, आपल्याच संस्थाचालकाच्या डोळ्यांदेखत कडक पर्यवेक्षण करण्याची अपेक्षा शिक्षकाकडून ठेवणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. कॉपी पकडणाऱ्या पर्यवेक्षकाला पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर कोण गाठेल, याची धास्ती असते. त्याच्या संरक्षणाची जबाबदारी लेखी स्वरूपात कोणीतरी घेतली पाहिजे.

दुसरी, अंतर्गत गुणांची पडताळणी. वीस गुण बंद करणे हा उपाय नव्हे, हे २०१९ ने दाखवले आहे. पण प्रत्येक शाळेतील अंतर्गत गुणांची सरासरी आणि लेखी गुणांची सरासरी मंडळाकडे असतेच. ज्या शाळेत तोंडीला वीसपैकी एकोणीस आणि लेखीला ऐंशीपैकी बावीस अशी दरी वर्षानुवर्षे दिसते, तेथे पुढच्या वर्षी बाहेरचा परीक्षक पाठवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि ड्रोनही लागत नाही.

तिसरी, शाळेचा निकाल सांगण्याची रीत. दहावीला उत्तीर्ण झालेल्यांची टक्केवारी जाहीर करताना, दोन वर्षांपूर्वी त्या शाळेच्या आठवीत किती मुले होती आणि त्यांपैकी किती दहावीला त्याच शाळेतून बसली, हा आकडाही शेजारी छापावा. विद्यार्थ्यांच्या नोंदी आता ऑनलाइन आहेत. त्यातून सतरा नंबरच्या वाटेने बाहेर काढलेली मुले दिसू लागतील आणि 'शंभर टक्के' या शब्दाचा खरा अर्थ पालकांना कळेल.

चौथी, अपयशाची किंमत कमी करणे. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली आणि अनुत्तीर्ण मुलाचे वर्ष वाचण्याची सोय झाली. ही गेल्या काही वर्षांतील सर्वांत शहाणी सुधारणा आहे, कारण ती कॉपीची गरजच कमी करते. परंतु निकाल ते फेरपरीक्षा या काळात त्या मुलाला कोण शिकवते? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. महापालिका आणि शाळांनी मिळून त्या काही आठवड्यांचे वर्ग घेतले, तर कॅम्प ५ मधील एखाद्या मुलीचे शिक्षण शिलाई मशीनपाशी थांबणार नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत साधी आहे. प्रामाणिकपणा शिकवावा लागतो. पाचवी-सहावीपासून मुले पुस्तकातील उतारा जसाच्या तसा वहीत उतरवतात आणि त्यालाच आपण 'गृहपाठ' म्हणतो. फळ्यावरचे उत्तर शब्द न बदलता लिहिले तर पूर्ण गुण, स्वतःच्या शब्दांत लिहिले तर लाल शेरा, अशी सवय दहा वर्षे लावून अकराव्या वर्षी आपण नकलेला गुन्हा ठरवतो. आता तर चॅटजीपीटीसारखी साधने प्रत्येकाच्या हातात आहेत. प्रकल्पाची वही पाहून तो कोणी केला हे सांगणे शिक्षकाला शक्य राहिलेले नाही. यावर उपाय एकच दिसतो. वही बाजूला ठेवून मुलाशी पाच मिनिटे बोलायचे. 'हे तुला कुठे मिळाले? तुला यातले काय पटले नाही?' एवढे दोन प्रश्नही खरे-खोटे निवडू शकतात. तोंडी परीक्षेचा मूळ हेतू हाच होता, आणि ती खरोखर घेतली तर आजच्या काळात तिचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एवढा वेळ कोठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर शासनाने द्यायचे आहे.

कोणाचे नुकसान?

कॉपीने नुकसान कोणाचे होते, असे विचारले की 'हुशार मुलांचे' असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. हुशार मुलाला प्रवेशाचे दार एका टक्क्याने हुकते, ही हानी आहेच. मात्र सर्वांत मोठी फसगत होते ती पस्तीस टक्क्यांवर 'काढून दिलेल्या' मुलाची. तो अकरावीत जातो, तेथे त्याला काही समजत नाही, आणि आपण नापास झालो नाही म्हणून मदत मागण्याचे कारणही त्याच्याकडे उरत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा एखाद्या कारखान्यात मोजमाप घेण्याची वेळ येते, तेव्हा गुणपत्रिका त्याच्या मदतीला येत नाही. ज्या घराने त्याच्या दहावीसाठी शिकवणीची फी हप्त्याहप्त्याने भरली, त्या घराला हे कळते तेव्हा दोन-तीन वर्षे निघून गेलेली असतात.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पेपर सुटतो. पायरीवरच्या आया उठून फाटकाकडे धावतात. प्रश्न ठरलेला असतो, 'पेपर कसा गेला?' मुलांचे उत्तरही ठरलेले, 'सोपा होता.' बॅरॅकमध्ये संसार उभारणाऱ्या पिढीने आपल्या मुलांना शाळेत घातले ते कागदाच्या एका तुकड्यासाठी नव्हे, त्या कागदाच्या आधाराने काहीतरी करता यावे म्हणून. बंदोबस्त त्या कागदाची राखण करतो आणि ते आवश्यकच आहे. पण कागदावर लिहिलेले मुलाला खरोखर येते की नाही, याची जबाबदारी जून ते जानेवारी या महिन्यांत शाळेची, शिक्षकाची आणि आपलीही आहे. त्या महिन्यांत शाळेच्या फाटकापाशी ना पोलीस असतो, ना पथक, आणि बहुधा पालकही नसतात.